गळसरीचे दोन मणी

॥ श्री ॥
दोंडाईचे,
१७ जानेवारी १९९७

चि. सौ. रंजनास सुंदराचे अनेक आशीर्वाद. वाल्मिकरावांस नमस्कार, चि. पूजाला गोड पापा.

तिळगूळ पाकिटात घातला आहे. सुरतेला पोचेपर्यंत त्याचा भुगा होईल, तो भुगाच खा आणि माझ्याशी गोड बोल. ताई पत्र लिहिते की तार करते, असं तू मागे विचारलंस. खरं आहे. दोन ओळी लिहिल्या की हात थकतो आणि पुढचं काय लिहायचं होतं ते विसरते. परवा डाळ ठेवून विसरले, करपल्याचा वास शेजारणीला आला, मला नाही.

थंडी फार आहे, पण ती फक्त मलाच आहे. भर दुपारी उन्हात शाल घेऊन बसले तर सासूबाई म्हणाल्या, वत्सला, तू काय बाळंतीण आहेस का. त्या सहज म्हणाल्या असतील. नऊ वर्षांपूर्वी ताटातल्या तांदळात अंगठीने 'वत्सला' लिहिलं तेव्हापासून त्यांनी मला दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही, आणि त्या हाकेनंतर सहसा चांगलं काही येत नाही.

एक गंमत सांगते. दसऱ्याला गळसरी गळ्याला रुतायला लागली म्हणून पटवेकऱ्याकडून दोन मणी वाढवून घेतले होते. संक्रांतीला पुन्हा तेच, पुन्हा दोन मणी. तो म्हणाला, वहिनी, तुमच्या अंगाला लागलं. मी कुठे काय खाते? भूकच लागत नाही.

आता न लिहिता राहवत नाही ते लिहिते. गेल्या श्रावणात दुसऱ्यांदा पोट पडलं, त्यानंतर काही नाही. सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं आहे की आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, वाट बघायची, मग ह्यांचं दुसरं लग्न करायचं. त्यांच्या चुलतभावाची मुलगी आहे म्हणे. हे त्यावर काही बोलले नाहीत. हे कशावरच बोलत नाहीत, एस.टी. डेपोतल्या गाड्यांशीच दिवसभराचं बोलून येत असावेत. मी कुठे जाईन हे मला कळत नाही. आई-नाना गेल्यावर माहेर म्हणजे तूच, आणि तुझी तर एक खोली.

काळजी करू नको असं लिहिणार होते, पण कर थोडी. आठवण ठेव.
तुझी ताई,
सुंदरा


॥ श्री ॥
पर्वत पाटिया, सुरत,
२३ जानेवारी १९९७

ती. सौ. सुंदराताईस रंजनाचा शि. सा. नमस्कार.

तिळगुळाचा भुगा पूजाने चाटून खाल्ला. तुझी गंमत वाचून मात्र मला हसू आलं नाही. मी पत्र तसंच घेऊन शेजारच्या प्रमिलाबाईंकडे गेले. त्या अकोल्याकडच्या, त्यांचा नवरा बांधकामावर आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांचीही पोत अशीच घट्ट झाली होती, त्याही उन्हात शाल घेऊन बसायच्या आणि केस फणीत हातभर यायचे. ताई, तुझे केस कसे आहेत? खरं सांग.

मग आम्ही दोघी त्यांच्या डॉक्टरबेनकडे गेलो. त्या म्हणाल्या, गळ्यात पुढच्या बाजूला एक ग्रंथी असते, तिला थायरॉईड म्हणतात. ती मंदावली की बाई थंडावते, विसरते, अंगावर सूज येते, गळा फुगतो. पोट न टिकण्याचं कारणही ते असू शकतं. असेलच असं त्या म्हणाल्या नाहीत. रक्त तपासल्याशिवाय बोलणार नाही म्हणाल्या. पण असलं तर रोज सकाळी एक बारीक गोळी, बस.

ही तपासणी सरकारी दवाखान्यात होत नाही, खाजगी लॅबमध्ये रक्त देतात आणि तिथून ते मुंबईला जातं. मंगळवारी आणि शुक्रवारीच जातं, रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी. खर्चाचं तू विचारू नको, मी साड्यांना टिकल्या लावते त्या काही फक्त बाजारासाठी लावत नाही.

पूजाचं जावळ काढायचंच आहे. मावशीशिवाय जावळ निघणार नाही, असं तुझ्या सासूबाईंना कळवते. ये.

पूजाच्या मावशीवर पूजापेक्षा माझाच हक्क जास्त आहे, हे ध्यानात असू दे.
तुझी,
रंजना


॥ श्री ॥
दोंडाईचे,
१ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. रंजनास आशीर्वाद.

केसांचं विचारलंस. वेणी आता शेंडीएवढी राहिली आहे, पदराखाली असते म्हणून कोणाला दिसत नाही.

मला यायचं नाही, रंजना. रागावू नको. आज घरात नुसतं बोलणं आहे. कोणी म्हणतं नशीब, कोणी म्हणतं बाहेरचं काही लागलं, एकदा तर शेजारीण दबक्या आवाजात म्हणाली की पुरुषातही दोष असतो. उद्या छापील कागदावर आलं की दोष हिचाच, तर मी कोणत्या तोंडाने बोलू? त्या कागदाची मला सुईपेक्षा जास्त भीती वाटते.

सासूबाईंनाही सुरतेची भीती आहे. प्लेगला अडीच वर्षं झाली तरी त्यांच्या मते तिथले उंदीर अजून आपलीच वाट बघत बसलेत. जावळाचं ऐकून मात्र त्यांनी उंदरांचं नाव सोडलं. ह्यांना विचारलं तर हे पाने-पकडी पुसत म्हणाले, जाऊन ये. मग म्हणाले, गाडीत बसवायला मी येतो. नऊ वर्षांत पहिल्यांदाच असं म्हणाले.

म्हणून विचारते, येते असं नाही. किती रक्त काढतात? काढणारा पुरुष असतो का? गळसरी उतरवावी लागेल का? ती मी उतरवणार नाही. आणि कार्ड पाठवू नको, आंतर्देशीयच लिही. कार्ड आमच्या पोस्टमनपासून समोरच्या गणपत वाण्यापर्यंत सगळे वाचतात. माझ्या नावाचा कुठलाही कागद इथे येता कामा नये.

वेडी बहीण म्हण, पण बहीण म्हण.
सुंदरा


॥ श्री ॥
सुरत,
८ फेब्रुवारी १९९७

ती. सौ. ताईस शि. सा. नमस्कार.

वेड्या बहिणीला शहाण्या बहिणीची उत्तरं. रक्त एक चमचाभर. काढणारी मुलगी आहे, ज्योती नावाची, हात हलका आहे, मी स्वतः जाऊन बघून आले. सुई हाताला कोपराच्या आतल्या बाजूला टोचतात, गळ्यात नाही, त्यामुळे गळसरी जागच्या जागी राहील. डॉक्टरबेन ती जराशी वर सरकवून गळा चाचपतील आणि पाणी गिळायला लावतील, एवढंच.

गुरुवारी वीस तारखेला गाडीत बस, शुक्रवारी सकाळी रक्त देऊ. वैद्याचा काढा, गळ्याचा लेप, काही चालू असेल तर पुड्यांसकट घेऊन ये, डॉक्टरबेनना दाखवायचंय. सकाळी नरणे कोठे आणा, असं त्या म्हणाल्या. मला वाटलं कुठल्यातरी कोठीत न्यायचं आहे. प्रमिलाबाई हसल्या, म्हणाल्या, गुजरातीत ते उपाशीपोटी. तुझं उपाशीपोटी मला माहीत आहे. हा साबुदाण्याचा उपवास नाही. दाणे नाहीत, चहा नाही, चहाचा घोटही नाही.

कागदाचं म्हणशील तर कागद तुझ्या घरी येणार नाही, मीच जाऊन आणीन. आणि ताई, तू म्हणतेस छापून आलं तर काय. न छापता आखाजी येतेच आहे ना? मला त्या दिवसाची भीती तुझ्यापेक्षा कमी वाटत नाही. काही कळल्याशिवाय तुला मी तिथे बसू देणार नाही.

धाकटी असून दटावते, तेवढं पोटात घाल.
रंजना


॥ श्री ॥
दोंडाईचे,
२ मार्च १९९७

चि. सौ. रंजनास आशीर्वाद.

सुखरूप पोचले. पूजाचं डोकं गुळगुळीत झाल्यावर ती नानांसारखी दिसायला लागली, हे मी तुझ्यासमोर म्हटलं नाही, आता म्हणते.

त्या शुक्रवारचं मनातून जात नाही. तू खिडकीशी उभी राहून नाव-गाव लिहून देत होतीस आणि मी बाकावर डोळे मिटून मारुतीचं नाव घेत होते. तेवढ्यात कोणीतरी हाक मारली, सुंदराबेन. मी उठलेच नाही. किती वर्षांत परक्या माणसाच्या तोंडून ते नाव ऐकलं नव्हतं. तू ढोसलंस तेव्हा कळलं की मलाच बोलावतात. सुई कळलीसुद्धा नाही.

एक चूक केली, तुला सांगते. तू जपून ठेव म्हणालीस ती लॅबची पावती मी नवापूरला गाडीतून फाडून टाकली. घरी पिशवी उघडली जाईल असं सारखं वाटत होतं. पावतीशिवाय रिपोर्ट देतील ना?

ह्यांना डेपोच्या कामाने बारा तारखेला सुरतेला यायचं आहे. रिपोर्ट आपण आणू का, असं त्यांनी आपणहून विचारलं. मला नको वाटलं, पण नाही म्हणवलं नाही. रोज दिवस मोजते. जेवण उतरत नाही, आणि हे गळ्यामुळे की धास्तीमुळे ते मला कळत नाही.

देवाजवळ माझ्यासाठी दोन शब्द टाक.
सुंदरा


॥ श्री ॥
सुरत,
७ मार्च १९९७

ती. सौ. ताईस नमस्कार.

घाईत लिहिते. पूजाला गोवर निघाला आहे, अंगभर लाल झाली आहे, मांडीवरून उतरत नाही. मला घराबाहेर पडता येणार नाही, तेव्हा दाजींनाच आणू दे. लॅब पर्वत पाटियाच्या चौकात, कापडाच्या दुकानावर, पहिला मजला. पावती नसली तरी नाव सांगितलं की देतात. तिथून डॉक्टरबेनकडे जाता आलं तर बरं, नाहीतर गावातल्या डॉक्टरांना दाखवा आणि मला लगेच कळवा.

तू धास्ती घेऊ नको, ती मी घेतली आहे.
रंजना


॥ श्री ॥
दोंडाईचे,
१९ मार्च १९९७

चि. सौ. रंजनास आशीर्वाद. पूजाचा गोवर मावळला असेल.

रिपोर्ट आला. हे संध्याकाळच्या गाडीने परतणार होते, म्हणून डॉक्टरबेनकडे गेले नाहीत. इथल्या डॉक्टरांनी कागद पाहून सांगितलं की सगळं बरोबर आहे, काही झालेलं नाही, बाईंना टॉनिक द्या.

तुला नवल वाटेल, मी त्या दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. दोष निघेल म्हणून महिनाभर झोपले नव्हते आणि निघाला नाही तर वाटलं, अरे देवा, निघायला हवा होता. आजार असता तर गोळी असती. आता गळा उगाच फुगला आहे, थंडी उगाच वाजते, पोटं उगाच पडली. ह्याला औषध नाही.

सासूबाईंना जावळाच्या आडचं सगळं कळलं. ह्यांनीच सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, बरं झालं, तेही करून पाहिलं, आता कोणी म्हणायला नको. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मुलीकडचे येणार आहेत, तसा निरोप गेला. मला त्या म्हणाल्या की तू कुठे जाऊ नको, मोठी म्हणून राहा. त्यांच्या दृष्टीने हा चांगुलपणाच आहे. हे जेवणावरून उठून डेपोत गेले.

कागद सोबत पाठवते. माझ्या घरात तो नको. तुझ्या पेटीच्या तळाशी टाक.

तू केलंस ते आईनेही केलं नसतं. माया कमी करू नको.
सुंदरा


॥ श्री ॥
सुरत,
२८ मार्च १९९७

ती. सौ. सुंदराताईस रंजनाचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र पोस्टाने नाही, ह्यांच्या हाती पाठवते. यंत्रमागाच्या संचावर सुट्टी मागून ते स्वतः येत आहेत. सोबत एक पाकीट आहे, ते आधी जपून ठेव आणि मग हे शांतपणे वाच.

तुझा कागद मी पेटीत टाकणार होते. टाकण्याआधी डॉक्टरबेनना दाखवावा म्हटलं, कारण त्यांनी तुझा गळा हाताने पाहिला होता. त्यांनी एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला आणि मला विचारलं, तुझ्या बहिणीचं वय काय. मी म्हटलं, एकोणतीस. त्यांनी बोट ठेवलं तिथे बावन्न होतं. वर नाव होतं वत्सलाबेन पी. पाटील.

ताई, मी चालत गेले की धावत ते आठवत नाही. खिडकीवरच्या माणसाने वही काढली. शुक्रवार, एकवीस तारीख, सुंदराबेन काशिनाथभाई. तुझं नाव विचारलं तेव्हा माझ्या तोंडाला आलं ते सुंदरा, आणि पुढचं विचारलं तेव्हा आले ते आपले नाना. तू माझ्यासाठी वत्सला कधी नव्हतीसच, मला सुचावं कसं? दाजींनी जाऊन आपल्या नावासकट वत्सला पांडुरंग पाटील मागितलं. त्या आठवड्यात एक वत्सलाबेन होत्याच, त्यांचा कागद दाजींना मिळाला. ती बावन्न वर्षांची बिचारी दोन खेपा घालून परत गेली म्हणे. तिचा कागद मी देऊन आले. तुझा तीन आठवडे तिथल्या खणात पडून होता.

तुला आजार आहे, ताई. हे वाक्य एवढ्या आनंदाने कोणी कोणाला लिहिलं नसेल. ग्रंथी फार मंदावली आहे, आकडा पाहून डॉक्टरबेन म्हणाल्या की ही बाई घरकाम करते तरी कशी. पाकिटात गोळ्या आहेत. रोज उठल्याबरोबर एक, पाण्याबरोबर, मग अर्धा तास चहाही नाही. मध्येच सोडायची नाही. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. मुलाचं त्या छातीठोक सांगत नाहीत, पण अशा बायकांना मुलं झालेली त्यांनी पाहिली आहेत.

चूक माझी आहे. दहा दिवस तू जे सोसलंस ते माझ्या तोंडातून निघालेल्या एका नावामुळे. मला माफ कर. चिठ्ठीवर, पाकिटावर तेच नाव आहे. दाजींना दाखव. लपवू नको आता.

पहिली गोळी घेतल्याचं कळेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरणार नाही.
रंजना


॥ श्री ॥
दोंडाईचे,
६ एप्रिल १९९७

सौ. रंजनाताई यांस पांडुरंगचा स. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही, तरी लिहितो. वाल्मिकराव आले आणि गेले. त्यांनी सर्व नीट समजावले. गोळी रोज पहाटे ड्यूटीला निघण्यापूर्वी मी स्वतः देतो.

चूक तुमची नाही. स्पेअर पार्ट घेताना मी नंबर तीन वेळा वाचतो. बायकोचा कागद घेताना फक्त नाव वाचले, तेही आमच्या घराने ठेवलेले. वय वाचले नाही. लॅबवाल्याने विचारले होते, दुसऱ्या नावाने आहे का. मी म्हटले, दुसरे नाव नाही. नऊ वर्षे हीच समजूत होती.

आईने निरोप पाठवला तेव्हा मी गप्प बसलो याची लाज वाटते. हे पत्र लिहिण्याआधी मुलीकडच्यांना पत्र लिहून पोस्टात टाकले की येऊ नये. मग आईला सांगितले. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, पाकिटावर कोणाचे नाव आहे. मी वाचून दाखवले.

पुढील तपासणीला मी सोबत येईन. चि. पूजास आशीर्वाद.
आपला,
पांडुरंग


॥ श्री ॥
दोंडाईचे,
२० जुलै १९९७

चि. सौ. रंजनास सुंदराचे अनेक आशीर्वाद. वाल्मिकरावांस नमस्कार.

ह्या महिन्याच्या सुरुवातीला दुसऱ्यांदा रक्त दिलं तेव्हा तू खिडकीवरच्या माणसाला जे सुनावलंस ते ऐकून हे अजून हसतात. तू पाठवलेला रिपोर्ट परवा मिळाला. त्यात सुधारणा आहे ते मला न वाचताही ठाऊक होतं. शाल पेटीत गेली. डाळ करपत नाही. पत्र किती लांबलं आहे ते बघ.

आता सासूबाईंचं ऐक. त्यांच्या मनाने घेतलं आहे की औषध ज्याच्या नावाचं त्यालाच लागू पडतं. पाकिटावर सुंदरा, मग गोळी घेणारी वत्सला कशी? उगाच वाया जायची. म्हणून रोज पहाटे अंथरुणातून त्या मोठ्याने विचारतात, सुंदरा, गोळी घेतली का. आधी फक्त गोळीपुरतं होतं, आता दिवसभर तेच सुरू आहे. गणपत वाण्याने विचारलं, नवी सून आणली का हो. सासूबाई म्हणाल्या, हो, तीच आहे. हे सांगताना मला हसू येतं आणि डोळेही भरतात. शिवाय त्या हल्ली आरशापुढे उभ्या राहून गुपचूप स्वतःचा गळा चाचपतात.

गळसरी सैल झाली. पटवेकऱ्याने दोन मणी काढून हातावर ठेवले, ते ह्या पाकिटात आहेत. एक पूजाच्या मनगटाला बांध. दुसरा तुझ्याजवळ ठेव. तो कोणाला देऊ नको. मागायची वेळ आली तर मी मागेन, नाही आली तर तुझ्या पेटीत असू दे. त्यावर आपण दोघींनी काही बोलायचं नाही.

तुझ्या तोंडी माझं नाव होतं म्हणून ते मला परत मिळालं. तसंच राहू दे.
तुझी,
सुंदरा


(पोस्टकार्ड)

॥ श्री ॥
दोंडाईचे,
११ ऑगस्ट १९९८

सौ. रंजनाताई यांस स. न. वि. वि.

आई सांगते तसे लिहितो. सुंदरा सुखरूप आहे. दुसरा मणी ताबडतोब पाठवावा. मनगट फारच बारीक आहे, तरी दोरा आखूड घ्यावा. कार्ड मुद्दाम लिहिले आहे, वाटेत सर्वांनी वाचले तरी चालेल.

पांडुरंग